चौकातलं गाऱ्हाणं

आमच्या टेकडीवरचं रोंबाट बाजारातून कुणी घालवलं असं विचारलं, की टेकडीवरचे लोक दुकानदारांकडे बोट दाखवतात आणि दुकानदार पोलिसांकडे. दोघंही सोयीचं बोलतात. ते आम्हीच घालवलं, सगळ्यांनी एका आवाजात, आणि तसं कागदावर लिहून दिलं मी. शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात. त्या अक्षराचं तेव्हा कौतुकही झालं होतं.

रोंबाट म्हणजे काय, हे तळकोकणाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. होळी झाली की पुढच्या पाच दिवसांत आमच्याकडे अख्खा गाव सोंगं घेऊन बाहेर पडतो. बांबू आणि कागदाचे दीड पुरुष उंचीचे राक्षस, लुगडी नेसलेले मिशाळ बाप्ये, तोंडाला काजळी फासलेली भुतं, पुढे ढोल-ताशे आणि मागे सगळी वाडी. घाटकोपरला पश्चिमेच्या टेकडीवर आमच्या चाळी होत्या, पत्र्याच्या, एकीच्या डोक्यावर दुसरी अशा चढत गेलेल्या. तिथे कुडाळ-मालवणकडची इतकी घरं होती की ज्यांना शिमग्याला गावी जायला रजा मिळायची नाही, त्यांनी शिमगाच इथे आणला. पाचव्या दिवशी दुपारी रोंबाट टेकडीवरून निघायचं, पायऱ्या उतरून बाजाराच्या रस्त्याला लागायचं आणि स्टेशनच्या अलीकडे तीन रस्ते मिळतात त्या चौकात थांबायचं. चौकाच्या मधोमध नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि दिवेलागणीच्या आत परत वर चढायचं. एवढंच.

गाऱ्हाणं माझे बाबा घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. एकाने मोठ्या आवाजात मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा मान गावात आमच्या घराण्याकडे होता, तो बाबांबरोबर मुंबईला आला. त्यांची पद्धत ठरलेली होती. टोपी सारखी करायची, नारळावर हात ठेवायचा, क्षणभर थांबायचं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो शिमग्याचो पाचवो दिवस. तुझी लेकरां पोटासाठी गाव सोडून हय इली आसत, तेंका तू इसरा नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या रस्त्यार जो कोण धंदो करता, तेच्या धंद्याक बरकत दी. जो कोण येता-जाता, तेची वाट सांभाळ. कोणाचां वाकडां-नाकडां असात तां सरळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दोन-अडीचशे माणसांचा तो होकार दुकानांच्या पाट्यांवर आपटून परत यायचा. गंमत अशी, की ज्यांच्या धंद्याला बरकत मागितली जात होती, ते दुकानदार अर्धी शटरं ओढून आतून बघत असायचे. बाबा काय बोलतात ते त्यांना कळायचं नाही. त्यांना वाटायचं, हा म्हातारा आपल्याला शिव्या घालतोय.

एरवी बाबांना त्या चौकात कुणी विचारत नव्हतं. संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली ती त्यांना वगळून. दीड वर्ष ते घरी बसले, म्हणजे दारात बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत. मग त्याच चौकाच्या कोपऱ्यावर पाच मजली नवी बिल्डिंग उभी राहिली, खाली दुकानं आणि वर फ्लॅट, आणि बाबा तिथे वॉचमन लागले. खाकी शर्ट, हातात दांडका. लेकीच्या वयाच्या बायका त्यांना "ए वॉचमन, रिक्षा थांबव" म्हणायच्या. ते थांबवायचे. शिमग्याच्या पाचव्या दिवशी मात्र ते सुट्टी मागून घ्यायचे, खाकी शर्ट खुंटीला लावायचे, धोतर नेसायचे आणि त्याच गेटासमोर उभे राहून सगळ्या चौकासाठी देवाशी बोलायचे. त्या अर्ध्या तासावर ते वर्ष काढत होते, असं मी आज म्हणते. तेव्हा मला ते कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

कारण मला रोंबाट आवडत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमच्या शिमग्यात बाप्ये जे बोंबलायचे, ते बायकांनी ऐकायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि ऐकायचं नसेल तर घरात बसायचं हेही ठरलेलं होतं. मी बावीस-तेवीस वर्षांची होते. साकीनाक्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. कामावरून परतताना त्या पाच दिवसांत मला बाजारातून वर येणं नको व्हायचं. एका वर्षी रोंबाटातल्या कुणी तरी माझ्या नव्या पांढऱ्या साडीवर ऑइल पेंट उडवला आणि वर दात काढून म्हणाला, "वाईट वाटान घेव नको गो, शिमगो आसा." माझ्याच चाळीतला होता. ती साडी मी कितीतरी दिवस रॉकेलमध्ये बुचकळत होते. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी कधी सांगितलं नाही की त्या चौकात ओरडणारा माणूस माझा बाप आहे.

तर अशी मी, आणि असे बाबा. आता तिसरा माणूस.

तो आमच्याच वाडीतला. मुंबईत आला तेव्हा आमच्या घरात चार वर्षं झोपला, आईच्या हातचं जेवला. पुढे शिकला, सरकारी नोकरीत चढत गेला, आणि ती पाच मजली बिल्डिंग झाली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर चौकाकडे गॅलरी असलेला फ्लॅट घेतला. मी त्याला काका म्हणायची. बाबांची वॉचमनची नोकरी त्यानेच लावून दिली, हे बाबा येईल त्याला सांगायचे. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं, कारण बाबा गेट उघडायचे तेव्हा तो त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. बिल्डिंगवाल्यांनी त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. टेकडीवरच्यांशी बोलायला आपलाच माणूस बरा, हा हिशेब असावा.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर बिल्डिंगवाले, दुकानदार आणि चौकातले एक डॉक्टर यांनी मिळून पोलिसांकडे अर्ज दिला की बाजाराच्या रस्त्यावर रोंबाटाला परवानगी देऊ नये. अर्जाच्या तळाशी पहिली सही काकाची होती. बातमी टेकडीवर आली तेव्हा नळावर दुसरा विषय नव्हता. "स्वतः शेण खाल्लां आमच्याबरोबर, आता वास येता?" असं एक आजी म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "तेची बाजू असतली काय तरी."

बाजू होतीच. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. शिमगा येतो नेमका दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. डॉक्टरांच्या दवाखान्यात आदल्या वर्षी दम्याची एक बाई गर्दीमुळे अर्धा तास पोचू शकली नव्हती. कापडवाल्याच्या काउंटरवर रंग गेला, त्याचे तागेच्या तागे बाद झाले. पण ह्याच रस्त्यावर गणपतीत अकरा दिवस मांडव असायचा, तो निम्मा रस्ता खायचा, आणि ह्याच दुकानदारांची नावं तिथल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात असायची. तेव्हा दम्याच्या बाईचं काय होत होतं, हे कुणी विचारलं नाही. खरी गोष्ट अशी होती की मांडव त्यांचा होता आणि रोंबाट वरून उतरून आलेल्यांचं. ते त्यांच्या रस्त्यावर आलेले पाहुणे होते, आणि पाहुणे काजळी फासून येत होते.

पोलीस चौकीतले साहेब शहाणे निघाले. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. दोन्ही बाजूंनी एकत्र बसा, काय ते ठरवा, ठरलेलं लिहून आणा, त्यावर मी शिक्का मारतो, असं सांगितलं. रविवारी सकाळी म्युनिसिपल शाळेत सभा ठरली. आता लिहिणार कोण? टेकडीवरच्यांना बिल्डिंगवाल्यांचा माणूस नको होता, बिल्डिंगवाल्यांना टेकडीवरचा. काकाच घरी आला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या पायऱ्या चढला असेल, धापा टाकत होता. आईने चहा ठेवला. मला म्हणाला, "ताई, तू लिही. तू टेकडीवरची आणि ऑफिसात काम करणारी, म्हणजे दोन्हीकडची. तुझं मराठी शुद्ध, तुझ्या लिहिण्यावर कोणी बोट ठेवणार नाही." आयुष्यात मला कुणी दोन्हीकडची म्हटलं नव्हतं. मी फुगले. लगेच हो म्हटलं.

शाळेच्या हॉलमध्ये एका बाजूला खुर्च्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सतरंजी. कुणी सांगितलं नव्हतं, पण बिल्डिंगवाले खुर्च्यांवर बसले आणि टेकडीवरचे सतरंजीवर. मधल्या टेबलाशी मी, माझ्या शेजारी साहेब. आधी हजेरीचा कागद फिरवला. आलेल्या प्रत्येकाने सही केली, ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठा दिला. बाबांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. मग सभा सुरू झाली, आणि पहिला तास मी हातातलं पेन खाली ठेवलं नाही.

डॉक्टर नीट बोलले. आवाज चढवला नाही. "सण करा, पण रस्ता सगळ्यांचा आहे," म्हणाले. सतरंजीवरून रिक्षा चालवणारा एक जण उठला आणि म्हणाला, "सगळ्यांचो, तर आमचोय आसा ना? वर्षातून दोन तास आमचो असांदे." खुर्च्यांवर कुणी तरी हसलं. कापडवाल्याने विचारलं, "तो म्हातारा मध्येच उभा राहून काय बोलतो? आमच्याविरुद्ध बोलतो ना?" सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांना वाटलं आपल्याला उठायला सांगतायत, ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

मला त्या क्षणी उत्तर माहीत होतं. तुमच्या धंद्याला बरकत मागतात, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर त्या हॉलमधली हवा बदलली असती. पण लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं, असं मी स्वतःला बजावलं. खरं कारण वेगळं होतं. 'तो म्हातारा' माझा बाप आहे हे खुर्च्यांवरच्यांना कळायला नको होतं. मी लिहिलं, 'एका सदस्यांनी गाऱ्हाण्याच्या आशयाबाबत पृच्छा केली.' पृच्छा. केवढा अभिमान होता मला त्या शब्दाचा.

दीड तास झाला तरी काही ठरेना. दुकानदार म्हणत होते, बाजारात नको, नाल्यापलीकडच्या मैदानात करा. ते मैदान म्हणजे ट्रक उभे करायची जागा, तिथे चिटपाखरू नसायचं. टेकडीवरचे म्हणत होते, चौक नाही तर रोंबाट नाही. लोकांसमोर नाचायचं नसेल तर सोंगं घ्यायची कशाला? त्यांचंही बरोबरच होतं. साहेब घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात काका उठला. त्याच्या पिशवीत नारळ होता.

तो नारळ मी आजही विसरलेले नाही. सोललेला, शेंडी राखलेला, व्यवस्थित. म्हणजे घरून ठरवून आणलेला. काकाने तो सतरंजीपुढे, बाबांच्या समोर ठेवला, हात जोडले आणि मालवणीत बोलला. इतकी वर्षं तो आमच्याशी मालवणी बोललेला मी ऐकला नव्हता. "दादा, भांडान काय होवचां नाय. आपण देवाची माणसां. ह्यो माझो नारळ. माझां गाऱ्हाणां घाला, मगे देव बघून घेयत."

सतरंजीवर दोन-तीन म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. बाहेरच्याला हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे ज्याने नारळ ठेवला त्याचं मागणं मानकऱ्याने देवापुढे घालायचं असतं. मागणं कसं आहे, हे मानकऱ्याने बघायचं नसतं. त्याचं स्वतःचं मत त्यात घालायचं नसतं. तो फक्त तोंड असतो. आणि गाऱ्हाणं सुरू झालं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच. न म्हणणं म्हणजे देवाच्या दारात आपल्याच माणसाला उघडं पाडणं. मी लहानपणापासून कुणी गप्प राहिलेलं पाहिलं नव्हतं. काकाने तर लहानपणापासून माझ्या आजोबांचं गाऱ्हाणं ऐकलं होतं. त्याला हे सगळं आमच्याइतकंच ठाऊक होतं, आणि खुर्च्यांवरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी नारळावर हात ठेवला. क्षणभर थांबले. काका त्यांच्या कानाशी वाकून एकेक वाक्य सांगत गेला.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "ह्या नारळवाल्याचां मागणां असां आसा, की शिमग्याचां रोंबाट बाजाराच्या रस्त्यार न हाडता नाल्यापलीकडच्या मैदानात न्हेवचां. तां सुखरूप पार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सतरंजी म्हणाली. सवयीने, एका आवाजात. रिक्षावालासुद्धा म्हणाला. त्याचं तोंड हललेलं मी पाहिलं.

"चौकात ढोल वाजवचो नाय, रंग उडवचो नाय, रस्तो अडवचो नाय. येणाऱ्या-जाणाऱ्याक आमच्यापासून तरास होवचो नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या कबुलीत कोणी खोडो घालता, तर तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिसऱ्या होकाराला आवाज थोडा कमी झाला. काही जणांच्या लक्षात यायला लागलं असावं. पण तोवर काका सरळ उभा राहिला होता आणि साहेबांकडे वळून स्वच्छ पुणेरी मराठीत बोलत होता. "ऐकलंत ना साहेब? मी अटी मांडल्या, त्यांच्याच मानकऱ्यांनी त्या बोलून दाखवल्या, आणि सगळ्यांनी तीन वेळा होकार दिला. आता वाद उरला नाही."

रिक्षावाला उठला. "साहेब, तां गाऱ्हाणां होतां. देवाक घातलेलां. आम्ही तुमका 'होय' म्हटलां नाय."

साहेबांनी हसून विचारलं, "होय म्हणालात की नाही म्हणालात?"

"म्हटलां, पण..."

"मग झालं. देवाला एक आणि पोलिसांना एक असं कसं चालेल?"

खुर्च्या हसल्या. आमच्यातलेही दोघे-तिघे हसले, याचा मला फार राग येतो. हरलेला माणूस हसला की समोरच्याचं काम सोपं होतं. रिक्षावाला आणखी काही बोलत होता, पण खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. बाबा अजून नारळाशीच बसले होते. तो त्यांनी कपाळाला लावला आणि खाली ठेवला. नेहमी ते ताबडतोब वाढवायचे. त्या दिवशी वाढवला नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा ताई. वरील अटी उपस्थितांनी एकमताने मंजूर केल्या."

माझ्या हातात पेन होतं. मी त्या हॉलमधली एकटीच अशी होते, जिला दोन्ही भाषा येत होत्या, दोन्ही बाजूंचं कळत होतं, आणि जिच्या लिहिण्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं. मी म्हणू शकले असते, साहेब, हे मतदान नव्हतं, ही प्रार्थना होती, मी असं लिहिणार नाही. टायपिस्ट असले तरी तेवढं वाक्य मला जुळवता आलं असतं. मी मान वर केली, तर डॉक्टर, कापडवाला, काका, सगळे माझ्या पेनाकडे बघत होते. आणि मला ती पांढरी साडी आठवली. माझ्या मनात आलं, जाऊ दे मैदानात. बरं होईल. एकदाची कटकट जाईल. मी लिहिलं, 'एकमताने मंजूर.' खाली ओळ मारली. साहेबांनी हजेरीचा कागद त्याला टाचणीने जोडला. सकाळी आल्या-आल्या केलेल्या त्या सह्या आता ठरावाच्या सह्या झाल्या. सगळ्यात वर, सावकाश काढलेल्या वेगळ्या अक्षरांत, बाबांची.

घरी जाताना कुणी आमच्याशी बोललं नाही. आई नळावर गेली तर बायका बाजूला सरल्या. लोकांनी बाबांनाच दोषी धरलं होतं. वॉचमनची नोकरी टिकवायला म्हाताऱ्याने विकलं म्हणे सगळ्यांना. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बाईने लिहिलेल्याला काय महत्त्व, असंच त्यांना वाटत असणार. ज्या गोष्टीवर मी वर्षानुवर्षं चिडत आले, तिच्याच आड मी लपून बसले.

शिमगा आला. पाचव्या दिवशी नाल्यापलीकडच्या मैदानात पन्नास-साठ माणसं जमली. ट्रकच्या रांगेत एकच राक्षस, तोही आदल्या वर्षीचा, कागद फाटलेला. ढोल वाजत होते, पण बघणारं कुणी नव्हतं, दोन क्लीनर चाकाला टेकून विड्या ओढत होते तेवढेच. मी आईबरोबर गेले होते. आता बायकांना यायला हरकत नव्हती, कारण बोंबलायला कुणाला अवसानच नव्हतं. मला हवं होतं तसंच रोंबाट झालं होतं, सभ्य, आणि ते बघवत नव्हतं. नारळ ठेवला, बाबांना पुढे बोलावलं. ते गेले नाहीत. "माझो गळो बसलो आसा," म्हणाले. कुणी आग्रहही केला नाही. दुसऱ्या एकाने चार वाक्यं कशीबशी म्हटली. ती संपायच्या आत लोक चपला शोधायला लागले.

बाबांनी त्यानंतर कधीच गाऱ्हाणं घातलं नाही. मैदानातलं रोंबाटही दोन वर्षांत बंद पडलं. परवानगी लागायची, परवानगीला माझा कागद जोडावा लागायचा, आणि कुणाला तो बघायचा नव्हता. बाबा गेटवर उभे राहत राहिले. काका त्यांना आता नमस्कार करायचा, रोज, न चुकता. तो नमस्कार मला शिवीसारखा लागायचा.

मी बाबांना एकदा विचारलंच. पावसाळा संपला होता, रविवार होता, ते दारात बसून छत्रीची काडी नीट करत होते. दुपारचं ऊन पायरीवर होतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कळलं नव्हतं का तो काय करतोय ते?"

"कळलां ना," ते म्हणाले. "पयल्याच वाक्याक कळलां."

"मग थांबला का नाहीत?"

त्यांनी काडी डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का बघितली. माझ्याकडे पाहिलं नाही. रागावलेलेही नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

"नारळ तेचो होतो, बाय. माझां तोंड तेव्हा माझां नव्हतां," ते म्हणाले. "पेन तुझां होतां."